प्लीहा काढल्यावर नेमके काय हरवते? बी पेशींच्या जाती आणि एकाच जिवाणूसाठी दोन लसी

कऱ्हाकाठ
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाला दुचाकीवरून जाताना अपघात झाला. पोटात रक्तस्राव होऊ लागल्याने रात्रीच शस्त्रक्रिया करून त्याची प्लीहा काढावी लागली. आता तो घरी आहे, व्यवस्थित जेवतो आणि पूर्वीसारखाच भांडतोही. घरी पाठवताना डॉक्टरांनी लसींची एक यादी दिली. त्यात न्यूमोकोकस या एकाच जिवाणूविरुद्धच्या दोन वेगळ्या लसी आठ आठवड्यांच्या अंतराने घ्यायच्या आहेत, शिवाय मेनिंगोकोकस आणि हिब या दुसऱ्या जिवाणूंच्या वेगळ्या. ‘ताप आला तर सकाळ होण्याची वाट पाहू नका,’ असेही त्यांनी दोनदा बजावले.

माझी शंका अशी. प्रतिपिंडे बी पेशी तयार करतात आणि या पेशी अस्थिमज्जेत जन्मतात, एवढे शाळेत शिकलेले आठवते. भावाची अस्थिमज्जा शाबूत आहे, रक्ताच्या तपासणीत लिम्फोसाइट (ज्यांत बी पेशीही मोजल्या जातात) कमी नाहीत, उलट थोड्या वाढलेल्याच दिसतात. मग त्याच्याकडून गेले ते नेमके काय? दुसरे असे की, माझ्या सात महिन्यांच्या भाचीला याच जिवाणूविरुद्धच्या लसीचे दोन डोस झाले असून तिसरा नवव्या महिन्यात आहे, मात्र भावाला द्यायची दुसऱ्या प्रकारची लस इतक्या लहान मुलांना उपयोगी पडत नाही, असे बालरोगतज्ज्ञ म्हणाले. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे का? उत्तर लांबले तरी चालेल.

शंकासुर
माझाही एक उपप्रश्न नोंदवून ठेवतो. हा अवयव इतका मोलाचा असेल, तर तो काढल्यावर माणूस चार दिवसांत घरी येऊन भांडतो कसा?

सूक्ष्मदर्शी
कऱ्हाकाठ, तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, पण तेथे पोहोचण्यासाठी थोडे मागून यावे लागेल. मी पेशींची मोजणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे विषय निघाला की माझा हात आवरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गर्भावस्थेत बी पेशी प्रथम यकृतात तयार होतात आणि नंतर हे काम अस्थिमज्जेकडे जाते. तेथे प्रत्येक होऊ घातलेली बी पेशी स्वतःच्या जनुकांची कापाकापी करून आपले ग्राहक-प्रथिन घडवते. आधी चौदाव्या गुणसूत्रावरचे तुकडे जुळवून जड साखळी बनते. ती नीट बनली आहे की नाही याची चाचणी होते, आणि मगच दुसऱ्या किंवा बाविसाव्या गुणसूत्रावरून हलकी साखळी बनवण्याची परवानगी मिळते. तुकड्यांची ही जुळवाजुळव सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली दाखवून दिली आणि १९८७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुळणी यदृच्छेने होत असल्यामुळे तिच्यातून काय वाटेल ते निघते. माणसाच्या अस्थिमज्जेतील कोवळ्या बी पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के पेशींची प्रतिपिंडे स्वतःच्याच शरीरातील घटकांना चिकटतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. यांतल्या बहुतेक पेशी तेथेच दुरुस्त होतात किंवा बाद होतात. ज्या उरतात त्या ‘संक्रमणी’ पेशी म्हणून रक्तात उतरतात आणि पुढे पक्व होऊन ‘नवख्या’ बी पेशी म्हणवल्या जातात.

इथपर्यंत तुमच्या भावाचे काहीही बिघडलेले नाही.

खरी वाट येथून फुटते. बहुसंख्य नवख्या पेशी लसिका ग्रंथींच्या आणि प्लीहेच्या पुटकांमध्ये जाऊन बसतात. त्यांना ओळखीचे प्रथिन भेटले आणि टी पेशींचा, म्हणजे बी पेशींना परवानगी देणाऱ्या दुसऱ्या जातीच्या प्रतिकारपेशींचा, होकार मिळाला, तर तेथे जर्मिनल सेंटर उभे राहते. त्या केंद्रात पेशी भराभर विभागतात, आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका करतात, चुकांमधून अधिक घट्ट चिकटणाऱ्या पेशी निवडल्या जातात, आणि त्यांतून दीर्घकाळ टिकणाऱ्या स्मृतिपेशी व अस्थिमज्जेत मुक्काम ठोकून सेकंदाला हजारो प्रतिपिंडे ओतणाऱ्या प्लाझ्मा पेशी घडतात. काम उत्तम होते, पण त्याला एकदोन आठवडे लागतात.

दुसरी वाट प्लीहेच्या सीमांत पट्ट्याची आहे. प्लीहेत रक्त संथ होते आणि या पट्ट्यातून झिरपत जाते. तेथील बी पेशी म्हणजे जुन्या काळचा जकात नाका समजा. न्यूमोकोकसच्या अंगावर बहुशर्करेचे जाड आवरण असते. शर्करा ही प्रथिनाप्रमाणे तुकडे करून टी पेशींपुढे मांडता येत नाही, म्हणून जर्मिनल सेंटरचा मार्ग तिच्यासाठी जवळपास बंदच असतो. सीमांत पट्ट्यातील पेशी मात्र टी पेशींची वाट न पाहता एकदोन दिवसांत आयजीएम प्रकारची, म्हणजे पहिल्या फळीतली, प्रतिपिंडे सोडू लागतात. जिवाणू रक्तात शिरला असेल, तर दहा दिवसांनी येणारे उत्तम उत्तर काही कामाचे नसते.

तुमच्या भावाच्या पेशींची संख्या शाबूत आहे, हरवत जाणार आहे ती त्यांतली एक जात. आणि तुमच्या भाचीच्या शरीरात हीच जात अजून पुरती तयार झालेली नाही.

पंतोजी
सूक्ष्मदर्शींनी फार चांगले लिहिले आहे. निवृत्त जीवशास्त्र शिक्षक या नात्याने एक पुरवणी जोडतो, कारण ‘बी’ म्हणजे बोन मॅरो असे लिहून मुले वर्षानुवर्षे माझ्याकडून लाल शाई खात आली आहेत. हे ‘बी’ बर्सा या शब्दाचे आहे. कोंबडीच्या शेपटीकडील भागात, विष्ठामार्गाला लागून एक पिशवी असते. पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांच्या नावाने तिला फॅब्रिसियसची बर्सा म्हणतात. तिचे काम काय, हे साडेतीनशे वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हे विद्यार्थी पिलांच्या बर्सा काढून पाहत होते, पण ठळक असे काहीच आढळेना. त्यांचे सहाध्यायी टिमोथी चँग यांना वर्गात प्रतिपिंडांचे प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी कोंबड्या हव्या होत्या, त्यांनी ग्लिक यांच्याच कोंबड्या मागून नेल्या. साल्मोनेला टोचूनही बऱ्याच कोंबड्यांत प्रतिपिंडे निघेनात. प्रात्यक्षिक फसले आणि शोध लागला! ‘सायन्स’ने तो लेख नाकारला, म्हणून १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात छापून आला आणि प्रतिकारशास्त्रज्ञांच्या नजरेस यायला बराच काळ गेला. माणसाला बर्सा नसते. आपल्याकडे तेच काम अस्थिमज्जा करते, आणि अक्षर योगायोगाने जुळते, एवढेच.

शंकासुर
म्हणजे मानवी रोगप्रतिकाराच्या निम्म्या शास्त्राचे नामकरण कोंबडीच्या पार्श्वभागावरून झाले आहे, असे समजायचे का?

पंतोजी
होय. आणि पुन्हा अशा शब्दांत विचारलेत, तर बाकावर उभे राहावे लागेल.

सदाशिवकाका
प्लीहेला आमच्या लहानपणी पानथरी म्हणत. हिवतापाने पोट पुढे आलेल्या मुलाला पाहिले की आजी म्हणायची, ‘पानथरी वाढलीय पोराची.’ आता हा शब्द ऐकू येत नाही. कऱ्हाकाठ, बंधूंना लवकर आराम पडो.

डॉ_वैनगंगा
मी गडचिरोली जिल्ह्यात काम करते, म्हणून हा धागा माझ्या रोजच्या कामाचाच आहे. आमच्याकडे सिकलसेलची मुले येतात. त्यांची प्लीहा कोणी शस्त्रक्रियेने काढलेली नसते. विळ्याच्या आकाराच्या पेशी तिच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, वारंवार रक्तपुरवठा तुटतो, आणि पहिल्या काही वर्षांतच ती आक्रसून निकामी होते. तपासताना सुरुवातीला डाव्या बरगडीखाली हाताला लागणारी प्लीहा पुढे लागेनाशी होते. घरच्यांना वाटते, पोट बसले, बरे झाले! प्रत्यक्षात त्याच दिवसांत मूल सर्वांत जास्त धोक्यात असते. म्हणून अशा मुलांना पाच वर्षांपर्यंत रोज दोन वेळा पेनिसिलिन देतो आणि लसीकरणाचा एकही डोस चुकू देत नाही. सकाळी किरकिरणारे मूल संध्याकाळी हातातून गेलेले मी पाहिले आहे. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी तापाबद्दल दोनदा बजावले, ते योग्यच केले.

शंकासुर, माणूस प्लीहेवाचून जगतो, कारण तिची बरीच कामे यकृत आणि लसिका ग्रंथी उचलतात. हे एक काम मात्र त्यांना नीट उचलता येत नाही.

अर्धविराम
सूक्ष्मदर्शींच्या मांडणीतील एका ठिकाणी मला थांबावेसे वाटते. सीमांत पट्ट्याच्या पेशींचे ठाम चित्र मुख्यतः उंदरावरून आलेले आहे. उंदरात त्या प्लीहेतच राहतात आणि त्यांच्या प्रतिपिंड-जनुकांत सहसा उत्परिवर्तने, म्हणजे वर सांगितलेल्या ‘चुका’, नसतात. माणसात त्यांच्यासारख्या पेशी रक्तात फिरतात, त्यांच्या जनुकांत उत्परिवर्तने असतात, आणि त्यांच्यावर सीडी२७ ही स्मृतिपेशींची म्हणून ओळखली जाणारी खूण असते. मग ही स्वतंत्र जात आहे, की जर्मिनल सेंटरमधून लवकर बाहेर पडलेल्या साध्या स्मृतिपेशी आहेत? दोन्ही बाजूंनी लिहिणारी मंडळी आहेत. आपण ते सिद्ध झाल्यासारखे लिहिले, म्हणून हा आक्षेप.

सूक्ष्मदर्शी
आक्षेप रास्त आहे आणि मी घाई केली, हे मान्य करतो. तरीही माझे मत त्या बाजूला का झुकते, ते सांगतो.

रक्ताच्या नळीत आम्ही रंगीत खुणा लावलेली प्रतिपिंडे घालतो आणि लेझरसमोरून एकेक पेशी सोडतो. पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो. आडव्या अक्षावर आयजीडी (पेशीवर बसलेल्या प्रतिपिंडाचा एक प्रकार) आणि उभ्या अक्षावर सीडी२७ घेतले, तर चार खाने पडतात. खाली उजवीकडे नवख्या पेशींचा दाट पुंजका असतो. वर डावीकडे वर्ग बदललेल्या, म्हणजे आयजीजी किंवा आयजीए धारण करणाऱ्या स्मृतिपेशी असतात, आणि वर उजवीकडे आपल्या वादातील पेशी. नाळेचे रक्त घातले, तर जवळपास सगळे ठिपके खाली उजवीकडे गोळा होतात, वरचे दोन्ही खाने जणू झाडून घेतलेले. प्लीहा काढलेल्या माणसाच्या नमुन्यात वरचा उजवा कोपरा काळाच्या ओघात विरळ होत जातो, पण वरचा डावा बऱ्यापैकी टिकतो. या दोन्ही जाती एकाच कारखान्यातून निघत असत्या, तर प्लीहा गेल्यावर एकच का ओसरली असती?

दुसरा पुरावा निसर्गानेच दिला आहे. काही मुलांत टी पेशींवरचा सीडी४० लायगँड, म्हणजे बी पेशींना होकार देणारे प्रथिन, जन्मतः सदोष असतो, त्यामुळे त्यांच्यात जर्मिनल सेंटर तयारच होत नाही. या मुलांत वर्ग बदललेल्या स्मृतिपेशी जवळजवळ नसतात, पण वरच्या उजव्या कोपऱ्यातील पेशी असतात, आणि त्यांत उत्परिवर्तनेही सापडतात. म्हणजे निदान काही पेशी तरी जर्मिनल सेंटरवाचून तयार होत असल्या पाहिजेत.

अर्धविराम
‘निदान काही’ या शब्दांशी मी पूर्णपणे सहमत आहे. प्रौढांत या कोपऱ्यातील काही पेशींचे वंशबंधू वर्ग बदललेल्या स्मृतिपेशींत सापडतात, म्हणून कोपरा मिश्र आहे, इतके धरून चालू या.

शंकासुर
तर सीडी२७ हे जात पडताळणीचे प्रमाणपत्र झाले. ते खोटेही निघू शकते का?

मृद्गंध
निघू शकते, आणि ते माझ्याच अंगात निघाले असावे. मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार. या आजारात रक्तात अशा बी पेशी वाढलेल्या आढळतात, ज्यांवर आयजीडीही नसते आणि सीडी२७ही नसते, म्हणजे सूक्ष्मदर्शींच्या चित्रातील खालचा डावा खाना. कागदोपत्री त्या ना नवख्या, ना स्मृतिपेशी. अटलांटातील एमरी विद्यापीठाच्या इन्याकी सान्झ यांच्या गटाने दाखवले की, त्यांतला एक उपगट सहज चेततो आणि स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडे करणाऱ्या पेशींत रूपांतरित होतो. याच धाटणीच्या पेशी वारंवार हिवताप होणाऱ्यांत आणि एचआयव्हीच्या रुग्णांतही दिसतात. माझ्या डॉक्टरांनी हे समजावले, तेव्हा आजार बरा झाला नाही, पण निदान शत्रूचा खाना कळला.

मला रिटुक्सिमॅब दिले आहे. हे औषध सीडी२० ही खूण असलेल्या बी पेशी नष्ट करते. पुढच्या तपासणीत बी पेशींपुढे शून्य पाहून मी घाबरले आणि विचारले की, आता लहानपणीच्या गोवराच्या लसीचे काय? ती प्रतिपिंडे शिल्लक होती. अस्थिमज्जेत बसलेल्या प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसते, म्हणून औषध त्यांना ओळखतच नाही. मात्र नव्या लसीला उत्तर देणाऱ्या पेशीच नसल्याने, लसी औषधाच्या आधी उरकायच्या असतात. हे मला एका रुग्णालयात कोणी सांगितले नाही आणि औषध शिरेतून दिल्यावर तीन आठवड्यांनी फ्लूची लस टोचली. ती वाया गेली, असे नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले.

सदाशिवकाका
स्मृतिपेशी टिकतात तरी किती? आमची स्मृती तर चष्म्यापर्यंतही पुरत नाही.

सूक्ष्मदर्शी
काका, १९१८ च्या फ्लूच्या साथीतून वाचलेल्या ३२ जणांचे रक्त ९० वर्षांनी तपासले गेले. त्यांची वये ९१ ते १०१ होती. त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे त्यांच्यात आढळली, आणि काहींच्या रक्तातून तो विषाणू ओळखणाऱ्या बी पेशी वेगळ्या करून त्यांच्यापासून प्रभावी प्रतिपिंडे तयार करता आली. हे संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले. चष्मा शोधण्याचे काम त्यांच्याकडे सोपवता येत नाही, एवढीच अडचण.

रक्तपेढीवाला
आमच्या टेबलावरची एक गोष्ट मांडतो, ती या विषयाला लागूनच आहे. ‘ओ’ गटाच्या माणसाच्या रक्तद्रवाचे दोन थेंब ‘ए’ गटाच्या लाल पेशींवर टाकून नळी फिरवली की, तळाशी गुठळी बसते. त्या माणसाला ‘ए’ गटाचे रक्त कधीच मिळालेले नसते, मग प्रतिपिंडे आली कोठून? आतड्यातील जिवाणूंच्या शर्करा ‘ए’ आणि ‘बी’ प्रतिजनांसारख्या असतात, त्यांना पाहून ही आयजीएम प्रतिपिंडे तयार होतात, असे मानले जाते. म्हणूनच चार महिन्यांखालील बाळाच्या रक्तद्रवावरून आम्ही गट ठरवत नाही, कारण त्याची स्वतःची प्रतिपिंडे अजून आलेलीच नसतात. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला बॉम्बे रक्तगट हे याचे टोकाचे उदाहरण आहे. त्या व्यक्तींत ‘एच’ प्रतिजनच नसल्यामुळे त्यांची प्रतिपिंडे ‘ओ’ गटाच्या लाल पेशींच्याही गुठळ्या करतात, आणि त्यांना फक्त त्याच गटाचा दाता चालतो. असा फोन रात्री आला की, आमची झोप सकाळपर्यंत उडते.

माझा प्रश्न असा की, ही प्रतिपिंडे करणाऱ्या बी पेशी कोणत्या?

अर्धविराम
उंदरात ‘बी-१’ नावाची जात हे काम करते. माणसातील बी-१ पेशी सापडल्याचा दावा २०११ साली झाला, आणि त्या खरे तर प्लाझ्मा पेशी होण्याच्या वाटेवरील पेशी आहेत, असे उत्तर इतरांनी लगेच दिले. म्हणजे तुमच्या नळीतील गुठळी पक्की आहे, पण ती करणाऱ्या पेशीचे नाव अजून वादात आहे.

मुळाकाठ
पुणेकर असल्याने शर्करा-आवरणाच्या लसींबद्दल न बोलणे मला शक्य नाही. न्यूमोकोकसची जोडलस (शर्करा प्रथिनाला जोडून केलेली लस) २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली. दहा प्रकारांविरुद्धची न्यूमोसिल पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. आफ्रिकेतील मेनिंजायटिसविरुद्ध २०१० साली बुर्किना फासोपासून दिली गेलेली जोडलसही याच संस्थेची.

शंकासुर
पुण्याचा उल्लेख इतक्या उशिरा आला, याचेच आश्चर्य वाटते.

कऱ्हाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्न आता बराच उलगडला, पण एक गाठ बाकी आहे. भावाकडे सीमांत पट्टाच उरलेला नाही, तर साध्या शर्करेची दुसरी लस त्याला देऊन उपयोग काय? आणि जोडलस आधीच का?

डॉ_वैनगंगा
नेमका प्रश्न विचारलात. जोडलसीत शर्करा एका प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडलेली असते. शर्करा ओळखणारी नवखी बी पेशी ती जोडी सबंध गिळते आणि प्रथिनाचे तुकडे टी पेशीपुढे मांडते. टी पेशी प्रथिनाला होकार देते आणि त्याचा लाभ शर्करा ओळखणाऱ्या पेशीला मिळतो. अशा रीतीने जर्मिनल सेंटरचा मार्ग खुला होतो, आणि तो लसिका ग्रंथींतही उपलब्ध असतो, प्लीहेवर अडून राहत नाही. सीमांत पट्टा कोवळा असलेल्या तुमच्या भाचीला आणि तो गमावलेल्या तुमच्या भावाला, दोघांनाही ही जोडलस याच कारणाने लागू पडते.

साधी शर्करा-लस २३ प्रकारांविरुद्ध असते, म्हणून व्याप्ती वाढवण्यासाठी ती नंतर दिली जाते. प्लीहा नसताना तिला मिळणारे उत्तर फिके असते, पण शून्य नसते, आणि जोडलसीने आधी तयार केलेल्या स्मृतिपेशी असतील, तर त्यांनाही ती हाक देते. क्रम उलटा केला, तर साधी शर्करा हाताशी असलेल्या पेशींना प्लाझ्मा पेशी बनवून संपवते, नव्या स्मृतिपेशी घडत नाहीत, आणि पुढच्या लसीचे उत्तर उणे पडते. दोहोंमध्ये किमान आठ आठवडे ठेवतात ते यासाठी. आता वीस प्रकारांची जोडलसही निघाली आहे. ती मिळाली, तर दुसऱ्या लसीची गरज आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. नियोजित शस्त्रक्रिया असती, तर लसी दोन आठवडे आधी दिल्या असत्या. अपघातात तशी सोय नसते, म्हणून साधारण दोन आठवड्यांनंतर सुरुवात करतात.

आणखी एक. कुत्रा चावला, ओरखडा जरी उठला, तरी रेबीजची लस घेताना प्लीहा नसल्याचे आवर्जून सांगा. कुत्र्याच्या लाळेतील एक जिवाणू अशा माणसांत रक्तात झपाट्याने पसरतो. हिवतापही त्यांना जड जातो.

रक्तपेढीवाला
‘प्लीहा काढलेली आहे’ असे मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवा. रक्तगटही त्यावरच लिहा. बेशुद्ध माणसाला इतिहास विचारता येत नाही.

कऱ्हाकाठ
कार्ड आज लिहिले, परवान्याच्या मागच्या कप्प्यात घातले. पहिली जोडलस गेल्या सोमवारी झाली. दुसरीची तारीख आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे, शेजारीच भाचीच्या तिसऱ्या डोसचा गोल आहे. भाऊ म्हणतो, दोघांना एकाच रिक्षाने नेऊ.